तांब्याचं पाणी

"डोळा मिटू नको, शकुन," डॉक्टर काळमेघ म्हणाले आणि त्यांनी बॅटरीचा उजेड तिच्या बुबुळावर धरला.

बाकावर बसलेली पार्बताबाई लेकीकडे बघत पुढे सरकली. हाच उजेड गेल्या महिन्यात देवमनच्या डोळ्यात पडला होता, आणि बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडं दिसलं होतं. तिचा हा थोरला, वीस वर्षांचा गडी, आताही शेजारी बसून लाळ गाळत होता. त्याचे हात थांबता थांबत नव्हते. गाव म्हणे करणी केली कोणी. गावाचं काय, तोंडाला येईल ते बोलतं. ती मात्र दोन्ही लेकरांना घेऊन नांदगावहून सकाळच्या मोटारीनं अमरावतीला आली होती.

"देवमनच्या रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला," डॉक्टर म्हणाले. "तांबं वाहून नेणारं एक प्रथिन रक्तात असतं, ते त्याच्यात फार कमी आहे. तांबं अंगाबाहेर पडत नाही, मेंदूत साचतं; डोळ्यातलं कडंही त्याचंच. सख्ख्या बहिणीतही हे असू शकतं. शकुनचंही रक्त घ्यावं लागेल."

"तांबं?" पार्बताबाईनं विचारलं. "मी तं याईले रोज सकाळी तांब्याच्या गडव्यातलं पाणी पाजून राहिली, डाक्टरसाहेब. रातभर ठेवलेलं. पोराचे हात थरथराले लागले तवापासून दोन-दोन गडवे पाजले. नसाईले ताकद येते म्हन्ते ना, बाप्पा!"

"दोघांनाही?"

"पोरीले कावून सोडीन?"

डॉक्टरांनी बॅटरी विझवून टेबलावर ठेवली. "रोग काही त्या पाण्यानं होत नाही," ते म्हणाले. "पण आजपासून ते बंद." पुढचं त्यांनी गिळलं. पार्बताबाईला मात्र कळलं: आपण पाजलेल्या पाण्यानं तो वाढला असणार.

"शकुन, दोन्ही हात समोर धर बरं. बोटं ताण."

शकुननं हात उचलले. ते सरळ व्हायच्या आतच पार्बताबाई उठली आणि तिनं ते गच्च धरले.

"सोडा, बाई. मला पाहू द्या."

"थांबा जी. जरा थांबा."

"सोड ना व माय," शकुन कसनुशी हसली.

तिनं सोडले नाहीत. चारही हात थरथरत होते. थरथर माझीच आहे, माझीच असू दे, एवढंच ती मनात घोकत राहिली.