मनीची एकादशी

"बघितलंस अहल्या? आपली मनीसुद्धा एकादशी करते!"

काल दिवसभर भीमाचार्य येईल-जाईल त्याला हेच सांगत होते. मांजर दुधाला तोंड लावेना, म्हणून चामराजपेटेतल्या अख्ख्या आळीत कौतुक. उंदीर खाणाऱ्या मांजराला कसली आलीय एकादशी! पण म्हाताऱ्यापुढे बोलणार कोण? सुनेचा, अहल्येचा, जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

परवाच या मनीनं नयनाचं मनगट फोडलं होतं. अहल्येची सात वर्षांची पोर. न्हाणीत बंबामागं लपून बसलेल्या मांजराला बाहेर काढायला गेली, आणि कधी नख न लावणारं जनावर कडकडून चावलं. हळद लावली, फडकं बांधलं, झालं. "कुत्रं का आहे ते, एवढं घाबरायला?" सासरे म्हणाले होते.

आज द्वादशी. पहाटेच पानं मांडली. भीमाचार्यांनी वाटीत तीर्थ घालून न्हाणीच्या उंबऱ्याआत ठेवलं. "ये बाई, तूही पारणं फेड."

मनी मागचे पाय ओढत आली. तहानेली होती बिचारी. तोंड वाटीत घातलं, जीभ हलवली, पण पाणी आत जाईना. हनुवटीवरून लाळेची तार लोंबली. मग ती ओरडली. तो आवाज मनीचा नव्हता, घोगरा, फाटका.

अहल्येनं न्हाणीचं दार ओढून कडी घातली.

"मामंजी, ही एकादशी नव्हे! हिला गिळताच येत नाही. माहेरी आमच्या कुत्र्याचं असंच झालं होतं. पिसाळलं होतं ते."

तिनं झोपलेल्या नयनाला उचललं.

"कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात. तुम्ही बसा पानावर, पारण्याची वेळ टळेल."

म्हाताऱ्यानं पानाकडे पाहिलं. साठ वर्षांत एक द्वादशी चुकली नव्हती. कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"स्वल्प थांब," ते उपरणं घेत म्हणाले. "जटका मी बोलावतो."

जटक्याचं घोडं जीव खाऊन पळत होतं, तरी अहल्येला ते रांगतंय असं वाटत होतं. वाटेत नयना जागी झाली. "अज्जा, तहान लागली."

नळाशी जटका थांबला. पोरीनं ओंजळ धरली. अहल्येचे नि सासऱ्यांचे डोळे तिच्या गळ्यावर खिळले. घोट खाली उतरला.

"आणखी पी," भीमाचार्य म्हणाले. कोरड्या घशातून त्यांचा आवाज धड फुटत नव्हता. "आणखी एक घोट पी, बाळ. मला बघू दे."