गोळी विरघळेपर्यंत
लातुरातल्या व्यसनमुक्ती केंद्रात सिस्टरनं मन्मथअप्पांच्या जिभेखाली गोळी ठेवली आणि रोजच्यासारखं बजावलं, “विरघळेपर्यंत बोलायचं नाही, बाकावरून उठायचं नाही.” भूकंपात अप्पांची कंबर मोडली, दुखणं थांबवायला सुई घेतली आणि पुढं ती सुईच सुटेना. ती सोडवायला ही गोळी. त्याच भूकंपात त्यांचा एकुलता मुलगा संगमेश गेला होता. बायको गौरम्मा त्याचं नाव काढायची की अप्पा “गप बस” म्हणून घराबाहेर पडायचे. आज रस्त्यावरून क्लासची पोरं धावत निघाली तशी बाकावर शेजारी बसलेली गौरम्मा बोलून गेली, “संगूबी असाच पळायचा, उलट्या चपला घालून.” मग थांबलीच नाही. बऱ्याच वेळानं सिस्टरनं अप्पांना तोंड उघडायला लावलं. “विरघळली. निघा आता, अप्पा.” गौरम्मा पदर सावरत उठली. अप्पांनी तिला हाताला धरून बसवलं. “विरघळली न्हाई अजून. तू बोल.”