अंदाजबंदी

"मला ताप आहे का, एवढंच सांगा हो!" प्राध्यापक मोरेश्वर ओळकर ब्लँकेटमध्ये कुडकुडत म्हणाले.

"गणित चालू आहे, सर," डॉक्टर नाझनीन मुकादम म्हणाल्या. तपासणीचं यंत्र अजून ओळकरांच्या अंगातल्या क्वार्कांवरच, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या अतिसूक्ष्म कणांवरच, घुटमळत होतं. तिथून अणू, मग पेशी, मग रक्त, आणि सगळ्यात शेवटी ताप. थर्मामीटरवर बंदी होती. क्वार्कांना न विचारताच तो उत्तर द्यायचा.

ही बंदी संस्थेत ओळकरांनीच आणली होती. क्वार्कांना बांधून ठेवणारं बल ते अवकाशाची चौकोनी जाळी कल्पून, तिच्यावर मांडून मोजायचे. खरे क्वार्क इतके हलके की त्यांचं गणित यंत्राला झेपेना, तेव्हा ओळकरांचे सहकारी मुद्दाम जास्त जड क्वार्क धरून गणित करायचे आणि तिथून खऱ्या उत्तराचा अदमास बांधायचे. "अंदाजपंचे दाहोदरसे!" म्हणत ओळकरांनी त्या सगळ्यांना घरी बसवलं होतं आणि कुठलाही अंदाज बांधणंच निषिद्ध ठरवलं होतं.

"उत्तर कधी येईल?"

"नेमकं हवं असेल तर आधी त्याचंही गणित लावावं लागेल."

ओळकरांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग अंदाजे सांगा ना."

डॉक्टरांनी नाक मुरडलं.

"शी! सर, या वयात तुमच्या तोंडी असले शब्द?"