कोपऱ्यावरचा गाळा

कावळा काही पिंडाला शिवेना. येडगावच्या घाटावर माणसं ताटकळून बसली होती. सावळेराम शेठच्या आईचा, कोंडाबाईंचा दहावा, गर्दी होणारच. प्रवचन झालं, माईकवरची श्रद्धांजलीची भाषणंही आटोपली. कावळा आपला बाभळीवर.

शेठनं मुंडण केलं होतं, भावकीनं केलं होतं, आणि नवनाथनंही केलं होतं. नवनाथ नात्याचा ना गोत्याचा. डिंगोऱ्यात त्याचं मोबाईलचं दुकान. पण शेठनं स्टँडसमोर नवं कॉम्प्लेक्स बांधलं होतं आणि त्यात कोपऱ्यावरचा एकच गाळा उरला होता. त्या गाळ्यात बसणाऱ्याला लोक नावापुढे राव लावून हाक मारतात, असं नवनाथचं ठाम मत. म्हणून त्यानं घाटावर मंडप घातला, पाण्याचे जार आणले, आणि शेवटी न्हाव्यापुढे डोकंही दिलं. शेठ मात्र अजून "ए नवनाथ, खुर्च्या सरकव" यापुढे गेले नव्हते.

घरच्यांनी एकेक शब्द देऊन पाहिला.

"आये, धाकटीचं लगीन थाटात करू."

कावळा हलला नाही.

"आये, बंगल्याला तुजंच नाव देऊ."

कावळ्यानं तोंड फिरवलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. एवढ्या लोकांत दर्भाच्या कावळ्यावर भागवायचं म्हणजे शेठची नाचक्कीच.

शेठची बहीण हळूच म्हणाली, "दादा, आयेचा जीव सारजाबाईत आडकलाय. तुज्या बांधकामात तिची भाजी इकायची जागा गेली. आये रोज बोलायची, तू ऐकलं न्हाईस."

सारजाबाई मागे बायकांत बसली होती.

नवनाथनं मनात हिशोब केला. सकाळपासून न आलेला कावळा आता कुठला येतोय? पण चारचौघांत एवढा शब्द टाकला, तर शेठ तो जन्मात विसरायचे नाहीत. गाळा मग कुठं जातो! तो पुढे झाला आणि त्यानं माईकच हातात घेतला.

"आज्जी, कोपऱ्यावरचा गाळा मला नगं. सारजाबाईला मिळू द्या!"

कावळा आला. बोलावल्यासारखा, निवांत आला. भाताचा एक घास घेतला, मग दुसरा घेतला.

लोकांनी हात जोडले. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नवनाथच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते अगदी खरं होतं.

शेठनं सारजाबाईला पुढे बोलावलं. ओल्या धोतराच्या कडोसरीतून किल्ली काढली.

"आज जेवणं झाली की तुमालाच देणार व्हतो, नवनाथराव," ते म्हणाले, आणि त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.