गॅरेजमधला गणपती

“हरल्यावर खुर्ची सोडायची दानत लागते!” भुस्कुटे टीव्हीतल्या पुढाऱ्यावर ओरडले. अमेरिकेतल्या लोकशाहीच्या काळजीने त्यांचा घसा रोज असाच बसायचा.

तेवढ्यात दार वाजलं. परवाच्या निवडणुकीत त्यांना हरवून मराठी मंडळाची अध्यक्ष झालेली शाल्मली चौबळ आली होती. “काका, उद्या चतुर्थी. मंडळाचा गणपती तुमच्या गॅरेजमध्ये आहे. न्यायला आलेय.”

“मोजणीत घोळ झालाय. फेरमोजणी होईपर्यंत बाप्पा इथेच राहणार!”

“अहो, तुम्हाला तीनच मतं पडलीत!”

“तोच तर घोळ! आमच्या घरातच चार मतं आहेत!”

आतून भुस्कुटेकाकू आल्या. त्यांनी बटण दाबलं आणि गॅरेजचं दार सावकाश वर गेलं.

“चौथं मी हिला दिलं,” त्या म्हणाल्या. “चल गं, उचलू बाप्पाला.”