आधी कोण हलतं

एन्सी आजही हलली नाही.

तिच्या मानेवर माशी बसली, कानामागे गेली, फिरून पुन्हा मानेवर आली. तरी नाही. मागच्या बाकावरून ओदिलियाने हे सगळं एका अर्धवट उघड्या डोळ्याने पाहिलं, आणि तिचा नुसता जळफळाट झाला.

घंटा वाजली. वीस मिनिटं संपली. सिस्टरांच्या प्रार्थनाघरातल्या अकरा मुलींनी एकदम श्वास सोडला.

"ओदिलिया," बाहेर पडताना सिस्टर गौदेन्सिया म्हणाल्या, "तू बसलीस की बाक बोलायला लागतो गं."

सगळ्या हसल्या. एन्सीही हसली. तेच जास्त लागलं.

राखेच्या बुधवारी सिस्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं. उपवासकाळात रोज सकाळी शाळेआधी यायचं आणि नुसतं बसायचं. जपमाळ नाही, गाणं नाही, देवाकडे मागणं नाही. मनात एकच शब्द धरायचा. मन भटकलं की हळूच त्या शब्दावर परत यायचं. "कोण कसं बसतं ते मी बघणार आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आणि हो, यंदा गुड फ्रायडेला कोण गाणार तेही मीच ठरवणार. त्याआधीच्या झावळ्यांच्या रविवारी कळेल."

ओदिलियाला तेवढंच पुरे होतं.

गुड फ्रायडेची मिरवणूक समुद्राकाठाने जाते आणि आठ ठिकाणी थांबते. प्रत्येक ठिकाणी एक मुलगी काळा पायघोळ झगा घालून स्टुलावर चढते, येशूचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडते आणि एकटी गाते. अख्खं गाव मेणबत्त्या धरून ऐकतं. ओदिलिया सात वर्षांची असल्यापासून पाण्याच्या पिंपावर चढून, टॉवेल उलगडून गात आली होती. आता ती बारावीत होती. यंदा शाळाच संपणार. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि यंदाच ही एन्सी समोरच्या बेटावरून शिकायला आली होती. खरं नाव क्रेसेन्सिया. आवाज बरा होता. बराच बरा होता, पण ओदिलिया 'बरा' एवढंच कबूल करायची.

ओदिलियाने सुरुवातीला 'दया' हा शब्द धरला होता. चार दिवसांत तो सुटला आणि त्या जागी 'एन्सी' येऊन बसली. मग ओदिलियाने तोच धरला. पाठ ताठ, हात मांडीवर, आणि मनात एकच: एन्सी, तू आधी हल. एन्सी, तू आधी हल. गंमत म्हणजे हे जमलं! पायाला मुंग्या आल्या, डास चावले, छतावरून पाल टपकन पुढ्यात पडली आणि दोन मुली किंचाळल्या. ओदिलिया ढिम्म.

तिसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी एन्सीला एकटीला थांबवून घेतलं. काय बोलल्या कोण जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून एन्सी खुशाल मान खाजवायला लागली. खोकायला लागली. एकदा तर मोठ्ठी जांभई दिली.

"ओरडा खाल्ला वाटतं," ओदिलिया मनात म्हणाली, आणि सबंध दिवस शाळेत गुणगुणत राहिली.

दोन दिवसांनी एन्सीने तिला प्रार्थनाघराच्या उतारावर गाठलं. हातात मक्याच्या पोह्यांचा पुडा होता. तो पुढे करत ती म्हणाली, "ओदी, तू हल्ली फारच छान बसतेस गं."

"का? पोटात दुखतंय तुझ्या?"

"नाही गं. पण मधूनमधून थोडं हलावं. खोकावं जरा."

"आणि मी खोकले की तू स्टुलावर. एवढी बावळट दिसते का मी?"

"अगं, सिस्टर मला त्या दिवशी काय म्हणाल्या माहितीये?"

"नको सांगूस. तुझं कौतुक तुझ्यापाशी ठेव."

"कौतुक नाही, बाई—"

"आणि तुझे पोहेही ठेव!"

 एन्सीने खांदे उडवले आणि पोहे एकटीनेच खाल्ले.

एका सकाळी मात्र विचित्रच झालं. बसल्या बसल्या एन्सी मनातून कुठेतरी निघून गेली. स्टूल गेलं, झगा गेला. खाली लाटा येत होत्या, जात होत्या, आणि ओदिलिया नुसती होती. किती वेळ, तिला कळलं नाही. गालावर ओलं लागलं तशी ती दचकली आणि घाईघाईने पुन्हा एन्सीच्या मानेला चिकटली.

सिस्टरांनी तो गाल पाहिला.

त्याच आठवड्यात त्या घरी आल्या. आईने कॉफी केली, केळी तळली. ओदिलिया पडद्यामागे कान देऊन उभी.

"कधी मोठं आजारपण? चक्कर वगैरे?"

"छे हो, सिस्टर. घोड्यासारखी आहे."

स्टुलावरून पडायला नको म्हणून विचारतायत, ओदिलियाला वाटलं. तिने पडद्यालाच मिठी मारली. मग सिस्टरांनी तिला बाहेर बोलावलं, खांद्यापासून घोट्यापर्यंत मापं घेतली, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आई, काय म्हणाल्या?"

"रविवारपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं बजावून गेल्यात," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुला खरंच हवंय ना हे, बाळा?"

"आई! सात वर्षांची असल्यापासून हवंय!"

आईने तिला छातीशी धरलं.

झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मिस्साची उपासना संपली आणि फादरांनी चष्मा चढवून कागद उघडला. ओदिलियाने उभं राहायची तयारी म्हणून केसही सारखे केले.

"यंदाची गुड फ्रायडेची गायिका," फादर म्हणाले, "क्रेसेन्सिया."

 खाजवणारी! जांभया देणारी! ती एन्सी पुढे जाऊन उभी राहिली, आणि तिकडून ओदिलियाकडे कसल्या डोळ्यांनी बघत होती! कीव करत होती! ओदिलियाने दात आवळले. शेजारी आई का रडतेय, हे तिला कळेना.

"थांबा, उठू नका," फादर म्हणाले. "खरी आनंदाची बातमी पुढेच आहे. नऊ वर्षांत आपल्या गावाला हे भाग्य लाभलं नव्हतं. इतकी देवात बुडून गेलेली मुलगी सिस्टर गौदेन्सियांनी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. तिने मनापासून हो म्हटलं आहे, तिच्या आईनेही आशीर्वाद दिला आहे. सिस्टर होण्यासाठी जूनच्या बोटीने मठात निघाली आहे, आपली ओदिलिया!"