एकाला एकच पिशवी

"आई, आधी मेन स्विच बंद करा!" सुवर्णा फोनवर ओरडलीच.

"केला की. सिलिंडर बी बंद केला. म्हशीचं दावं सोडलं, प्यायचं पाणी माळ्यावर चढवलं. मी काय पहिल्यांदा पूर बघतीय व्हय?" पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

तेही खरंच होतं. निफाडकडच्या गोदाकाठच्या त्या गावात कुसाबाईंची सगळी हयात गेली होती. पण आज घरात त्या एकट्याच. सुवर्णाचा नवरा सुनील कांद्याची गाडी घेऊन सुरतेला गेलेला. सुवर्णा नाशिकच्या दवाखान्यात ड्यूटीवर. धरणातून पाणी सोडलं आणि गावाचा पूल बंद झाला. सुवर्णाचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"ट्रॉली आली बघ दारात," कुसाबाई म्हणाल्या. "शाळेत नेऊन बसवायला लागलेत समद्यांना. सरपंच म्हणतोय, एकाला एकच पिशवी."

सुवर्णाला घरातलं कपाट आठवलं. कपाटात तिचे नर्सिंगचे सगळे मूळ कागद होते. चार वर्षं परीक्षा दिल्या, तेव्हा कुठं सरकारी भरतीच्या यादीत नाव लागलं होतं. सोमवारी कागदांची तपासणी. मूळ कागद नाहीत म्हटलं की नाव कटलंच.

पण कपाटाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत कोर्टाच्या कागदांचा पिशवीभर गठ्ठा होता, त्यातच जमिनीचं जुनं खरेदीखत होतं, आणि त्यात कुसाबाईंचा जीव अडकलेला. चुलत दिरानं दोन हात बांध कोरला, तेव्हापासून वीस वर्षं त्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या. अंगात सडकून ताप असला तरी तारीख चुकवली नाही. दिराचं नाव निघालं की आजही पुढ्यातलं ताट सारायच्या. केस काय ती त्या एका कागदावर उभी. आता आपली फाइल मागायची ती कोणत्या तोंडानं?

"आई, जमिनीचे कागद घ्या," सुवर्णा म्हणाली. "आणि पटकन निघा हो."

"बरं," कुसाबाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूल उघडला. घरात छातीएवढं पाणी शिरून गेल्याचं सुवर्णाला वाटेतच कळलं. मग कपाटाचं काय झालं, ते कुणी सांगायला नको होतं. सोमवार गेला, असं तिनं गाडीतच मनाला समजावलं. माणूस सुखरूप हाताला लागलं, बास झालं. समजावलं खरं, पण डोळे काही ऐकत नव्हते.

कुसाबाई चौथीच्या वर्गात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं. सुवर्णानं धावत जाऊन त्यांना मिठीच मारली.

"अगं, हाय मी, हाय! रडतीस कशाला, येडे?" म्हणत त्यांनी पिशवी तिच्या हातात कोंबली. "बघ बरं, भिजलं तर नाय ना काही?"

सुवर्णानं सुतळी सोडली. वरच होता तिचा कॉलेजातला एसटीचा पास, कधीच मुदत संपलेला. मग लग्नातले फोटो. बँकेचं पासबुक. लसीकरण शिबिराच्या बातमीचं कात्रण. आणि त्याखाली कोरडीठाक, पहिल्याच पानावर फोटो चिकटवलेली तिची नर्सिंगची फाइल.

"मला मेलीला कुठं वाचता येतंय?" कुसाबाई ओशाळून म्हणाल्या. "जिथं जिथं तुझं तोंड दिसलं, ते समदं घातलं."

सुवर्णानं पिशवी पार तळापर्यंत चाचपली. अजून काहीच नव्हतं त्यात.

"आई, अहो, खरेदीखत? आता कोर्टात काय दाखवणार तुम्ही?"

कुसाबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं.

"कोर्टाची तारीख काय, दर दोन महिन्याला पडती," त्या म्हणाल्या. "तुझी सोमवारची एकदाच हाय."